मामांचा ठराव

सुरतेत तीस वर्षं राहून एक दिवसही सुरतेत न राहिलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला मामा निघाला. खोली पांडेसऱ्यात, नोकरी पांडेसऱ्यातल्याच रंगाईच्या कारखान्यात, दाढी कोपऱ्यावरच्या सुरती न्हाव्याकडे. पण जीव म्हणाल तर दोंडाईच्याच्या पुढे तापीकाठच्या एका गावात, आणि तिथेही घरात नव्हे, थेट कापसाच्या वावरात. सकाळी उठून तुम्ही-आम्ही बाहेर हवा कशी आहे ते बघतो. मामा समोरच्या कारखान्याच्या धुराकडे बघून गावाकडे हवा कशी असेल ते सांगत. रविवारी ते मला हटकून तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, घेऊन जात, ओंजळभर पाणी उचलत आणि म्हणत, "जवाईबापू, हे पाणी परवा आमच्या वावराजवळून निघालं असंल बघा." मी परभणीकडचा, सुरतेजवळच्या सचिन गावी एका गिरणीत बिलं लिहिणारा माणूस. मला खोटं बोलवत नाही. मी एकदा म्हटलं, "मामा, मधे उकाईचं धरण आहे. परवाचं पाणी तिथेच अडकलंय." त्यावर मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे तीन रविवार मी धरणाचं नावच काढलं नाही.

सुरत म्हणजे बनावट धाग्याचं गाव. इथे साड्या होतात, त्या कापसाचं तोंडही न पाहिलेल्या. मामा त्याला 'घासलेटचं कापड' म्हणत आणि दिवसभर तेच कापड रंगवत. कारखान्यात ते रंगमास्तर होते. कोणती छटा किती उकळायची हे त्यांना यंत्राआधी कळायचं, आणि शेठलाही ते ठाऊक असल्यामुळे मामांची बाकीची सगळी थेरं तिथे खपून जायची. त्यांचे हात कोपरापर्यंत रोज निराळ्या रंगाचे असत. आमच्या ओळीतल्या बायका मामांच्या हातांवर डोळा ठेवून असत, कारण श्रावणात मामांचे हात ज्या रंगाचे, त्याच रंगाच्या साड्या दिवाळीत बाजारात! एका वर्षी मामांचे हात महिनाभर पोपटी राहिले, तर आमच्या हिने आधीच घेतलेली जांभळी साडी दुकानदाराशी भांडून परत केली. मामांच्या स्वतःच्या अंगात मात्र कायम जाड्याभरड्या सुताची बंडी. "दुसऱ्यांना घासलेट नेसवतो तेवढं पाप पुष्कळ झालं," असं म्हणत.

आणि बियाणं! त्यांच्या खोलीत कुणी गेलं की आधी चहा यायचा आणि मग सरकी. मामींच्या लग्नातल्या ट्रंकेत लुगड्यांच्या जागी गावाकडच्या देशी कापसाच्या बियांच्या पुरचुंड्या होत्या, राख लावलेल्या, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या. पाहुण्याच्या तळहातावर चार बिया ठेवून मामा विचारत, "काय दिसतं?" पाहुणा बिचारा म्हणायचा, "बिया." मग पुढचा पाऊण तास मामा त्याला काय दिसायला हवं होतं ते सांगत. हे बी त्यांच्या पणज्याच्या वेळचं. दरसाल चांगली बोंडं निवडून ठेवायची, पुढच्या साली तीच पेरायची, कुणाच्या दाराला बियासाठी जायचं नाही, आणि शेजाऱ्याचं बी खराब निघालं तर त्याला पायलीभर द्यायचं. आजूबाजूची गावं कधीच दुकानातल्या संकरित बियाण्यावर गेली होती. या गावाने आणि शेजारच्या दोन गावांनी मात्र जुनं बी सोडलं नव्हतं. का सोडलं नाही याची कारणं मामा बोटांवर मोजत आणि दोन्ही हातांची बोटं त्यांना पुरत नसत.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सुरतेत महापालिकेला सफाईचं असं काही वेड लागलं की विचारू नका. रोज सकाळी साहेबांची गाडी गल्लीत. मामांनी गटाराच्या कडेला रंगाच्या रिकाम्या पिंपात कापसाची तीन झाडं लावली होती. स्वच्छता निरीक्षक आला, "काका, आ शुं छे?" म्हणाला आणि पिंप उचलायला माणसं बोलावली. मामा पिंपाला मिठी मारून उभे! "कपास छे, साहेब. तुमच्या आज्याचं धोतर याचंच होतं." साहेबाने कपाळाला हात लावला. दहा मिनिटं गुजराती, हिंदी आणि अहिराणी यांची खिचडी झाली आणि शेवटी साहेब बोंडातला कापूस बोटांत चोळून बघताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. पुढे दर नवरात्राला साहेबांच्या आईसाठी मामा फुलवाती पाठवत, आणि गल्लीतली बाकी सगळी पिंपं गेली तरी मामांचं पिंप राहिलं.

असा हा माणूस एका रविवारी माझ्या दारात आला तो चपला न घालता. गावाहून आलेल्या पॅसेंजरमधल्या कुणीतरी बातमी आणली होती. गावात जीप आली होती. जीपमधून एक शर्ट खोचलेला माणूस उतरला आणि म्हणाला, नवं बियाणं आलंय, बोंडअळीने पान खाल्लं की अळीच मरते, फवारणी नको. चाचणीसाठी दोन एकर हवेत. बी फुकट, खत फुकट, जमिनीचं भाडं वर. अट एवढीच की निघालेलं बी ठेवायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, आणि फार विचारायचं नाही. गावात एकाने हो म्हटलं होतं. तो एक म्हणजे मामांचा सख्खा धाकटा भाऊ.

मामा माझ्या उंबऱ्यावर बसले. मामा गप्प म्हटल्यावर आमची ही घाबरून पाणी घेऊन आली. मग म्हणाले, "एकदा ते शिवारात शिरलं की आपलं कुठलं आणि त्यांचं कुठलं, कोन निवडनार? वाऱ्याला सांगनार का, या बांधावर थांब म्हनून?" त्या दिवसांत पेपरात रोज काहीबाही यायचं. हे बी दुसऱ्या वर्षी उगवतच नाही, असंही यायचं. त्यातलं किती खरं आणि किती फुगवलेलं, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. पण मामांचा प्रश्न मला कळला. ज्याच्या बियाला आपण हात लावायचा नाही, ते बी आपल्या वावरात येऊ द्यायचं की नाही, हे गावाने ठरवायचं की जीपने?

मामांनी त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावून धाकट्याला बोलावून घेतलं. मी शेजारी उभा. मामांचा आवाज काचेबाहेर येत होता आणि धाकट्या मामांचा रिसीव्हरबाहेर. "दादा," ते म्हणत होते, "तू तिकडे बसून देशी कापसाचं कौतुक करस. अळी मी वेचस! फवारा पाठीवर मी घेस! रातभर छाती जळस मनी, तुनी नही!" मामांनी फोन ठेवला. बाहेर येऊन म्हणाले, "खरं बोलतो हो तो." आणि दोन पावलं चालून, "पन चुकतो."

मग त्यांनी जे केलं त्याला मोहीम म्हणायचं की हैदोस, ते तुम्ही ठरवा. एक मेला गावात ग्रामसभा होती. गावच्या ग्रामसभेला कधी माणसं जमत नसत. ग्रामसेवक 'गणपूर्ती नाही' म्हणून सभा तहकूब करायचा, आणि अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरवून हवं ते मंजूर करून टाकायचा, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मामांनी ठरवलं की सुरतेहून माणसंच न्यायची. गावची जेवढी पोरं, बाप्ये पांडेसऱ्यात, उधन्यात, इच्छापोरला कामाला होते आणि राहायला बहुतेक आमच्याच सोसायटीत होते, त्या सगळ्यांच्या खोल्या त्यांनी पायाखाली घातल्या. दिवसपाळीवाल्यांना ते रात्री गाठत, रातपाळीवाल्यांना भर दुपारी झोपेतून उठवत. एक जण डोळे न उघडताच "हाव मामा, येस, येस" म्हणाला आणि मामांनी त्याच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. सुरतेतच, गणपतीच्या मांडवाच्या जागेवर, एक सभा झाली. मामांचं भाषण इतकं लांबलं की ऐकणाऱ्यांची पाळी बदलली, निम्मे उठून गेले, त्यांच्या जागी दुसरे आले, आणि मामांना पत्ता नाही.

रजेचा प्रश्न होता. मामा शेठकडे गेले. शेठने विचारलं, "मास्तर, कोना लगन छे?" एका गावची एवढी माणसं एकदम रजा मागतात म्हणजे गावात लग्नच असणार. मामा म्हणाले, "शेठ, एक मे महाराष्ट्राचा वाढदिवस, आणि गुजरातचाही. नाही म्हणालात तर दोघांचा अपमान होईल." शेठ हसला. दोन दिवस दिले, वर वाटेत खायला गाठ्यांची दोन पुडकी दिली.

मलाही ओढलं. ठराव शुद्ध भाषेत लिहायला शिकलेला जावई पाहिजे म्हणे. उधन्याहून पॅसेंजरमध्ये आम्ही अर्धा डबा भरून होतो. ढोलकी होती, हार होते, कुणीतरी कापसाच्या बोंडांचं तोरणही केलं होतं. नंदुरबार येईपर्यंत मामांनी डब्यातल्या अनोळखी उतारूंनाही ठरावाच्या बाजूने वळवलं, त्यात एक चांदीचा व्यापारी आणि एक नवविवाहित जोडपं होतं. मला सांगायला हरकत नाही, मीसुद्धा ओरडलो. घसा बसला माझा.

सभा शाळेच्या पटांगणात निंबाखाली. जीप बाहेर उभी, खोचलेल्या शर्टाचा माणूस खुर्चीवर. सरपंच कुणाकडेच न पाहता हसत होते. धाकटे मामा भिंतीला टेकून उभे, दादाकडे न बघता. आम्ही वाजतगाजत आत शिरलो तेव्हा ग्रामसेवकाच्या हातातला कप थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या सभेला माणसं आली होती! मामा माझ्या कानात म्हणाले, "आता करा म्हना तहकूब." ग्रामसेवकाने शांतपणे मतदारयादी काढली आणि म्हणाला, "एकेक नाव सांगा, खूण करतो."

पहिलं नाव सांगितलं, सापडेना. दुसरं, सापडेना. दहावं सापडेना. घाम फुटला तो मामांना. कारण मग सगळ्यांनाच आठवलं! आदल्याच वर्षी आमच्या सोसायटीत नळ यावा म्हणून तिथल्या पुढाऱ्याने सांगितलं होतं, आधी मतदार व्हा, मग पाणी. आणि सोसायटीच्या तोंडाशी टेबल टाकून, माणसांना धरून धरून, "गावचं नाव कापा, इथलं घाला," असं सांगत ज्यांनी फॉर्म भरून घेतले होते, ते हेच आमचे मामा. चाळीस जणांची नावं त्यांनी स्वतःच्या पोपटी हाताने गावातून उडवली होती. नळ आला होता हे खरं. पण आता चाळीस माणसं हार घालून निंबाखाली उभी होती आणि त्यांतल्या पाचांनाही हात वर करायचा हक्क नव्हता.

तेव्हा धाकटे मामा पहिल्यांदा बोलले. मोठ्याने नाही बोलले, तेच वाईट होतं. "दादा, तुनं नाव ना सातबारावर, ना यादीमा. तू आठे पाव्हना शेस. पाव्हनासारखा बस."

जमीन वडिलांनी धाकट्याच्या नावावर केली होती, आणि सुरतेला निघताना मामांनीच खुशीने सही करून दिली होती, हे मला तिथे कळलं. मामा खाली बसले. पटांगणात, मातीत. मला इतकी शरम वाटली की मी हातातला ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. खोचलेला शर्ट घड्याळ बघायला लागला.

आणि पटांगणाच्या फाटकातून बायका आत आल्या.

पुढे धाकट्या मामी होत्या, धाकट्या मामांच्या बायको. आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्याकडे सून जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बोलत नाही. धाकट्या मामी या घरात येऊन वीस-बावीस वर्षं झाली होती आणि थोरल्या मामांनी त्यांचा आवाज ऐकलेला नव्हता. चहा हवा का, हेसुद्धा मधे पोरगं घालून विचारायचं. आणि आमचे मामा तरी काय, मोहिमेत चाळीस बाप्ये गोळा केले, पण बायकांना एक पोस्टकार्ड टाकावं हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही. तर धाकट्या मामींनी पदर हनुवटीपर्यंत ओढला, जेठाकडे पाठ केली, समोरच्या निंबाकडे तोंड केलं आणि निंबाशी बोलायला लागल्या.

"सातबारावर मनंबी नाव नही," त्या निंबाला म्हणाल्या. "पन बी मना घरमा शे. राख मी लावस. पाला मी बदलस. पेरनीले घरातून बाहेर निघस ते मना हातानी. हाऊ मानूस," बोट न फिरवता त्यांनी बरोबर खुर्चीकडे दाखवलं, "मना घरमा येईसन सांगस, जुनी सरकी फेकी द्या, मिसळ होईल. मनी सासूनी सरकी! माले कोनी इचारं का?"

निंब काय बोलणार! पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बायका बोलल्या, सगळ्या एकदम. त्या गेले आठ दिवस दळणकांडणात, पाणवठ्यावर हेच बोलत होत्या, आणि आम्हा शहाण्यांना त्याचा वासही नव्हता. ग्रामसेवक यादी चाळायला लागला. आणि यादीत त्यांची नावं होती! सगळ्यांची. त्या गाव सोडून कुठे गेल्याच नव्हत्या, तर नावं जाणार कुठे? एकेका नावावर खूण पडत गेली, गणपूर्ती झाली, वर पुष्कळ उरली. मी खिशातला कागद काढून उलगडला. ग्रामसेवक म्हणाला, जावयाने लिहिलेलं चालत नाही, मी लिहितो; आणि माझाच मजकूर शब्दन् शब्द उतरवून घेतला: या गावच्या शिवारात, गावाला न विचारता, कोणतंही चाचणीचं बियाणं कुणीही पेरू नये, आणि गाव विचारल्यावरही नाहीच म्हणत आहे. ते शेवटचं वाक्य मी मामांच्या आग्रहाखातर घातलं होतं.

"बाजूने?" हात वर झाले. बांगड्या अशा वाजल्या की शाळेच्या छपरावरचे पारवे उडाले. "विरुद्ध?" सरपंचांनी आजूबाजूला पाहिलं आणि हात खिशातच ठेवला. धाकटे मामा अजून भिंतीपाशीच होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग मातीत बसलेल्या दादाकडे. मग ते म्हणाले, "माझा राहिला. बाजूने लिहा," आणि भाड्याचा करार खिशातून काढून खुर्चीवरच्या माणसाच्या मांडीवर ठेवला. जीप गेली. चहासुद्धा न घेता गेली.

काय सांगू महाराजा, त्या दिवशीचा जल्लोष! जिंकलो होतो, आणि आमच्यापैकी जवळजवळ एकालाही मत न देता जिंकलो होतो. पंधरा दिवसांत शेजारच्या दोन्ही गावांनी तोच ठराव केला, माझ्या शेवटच्या वाक्यासकट. पांडेसऱ्यात मामांची मिरवणूक निघाली. शेठने पेढे वाटले आणि कशाचे ते विचारलंही नाही. मामा ही हकीगत पुढे इतक्यांदा सांगत गेले की वर्षभरात त्यांच्या सांगण्यात बायकांना बोलावण्याची युक्ती मूळ त्यांचीच झाली. आमची ही एकदा मधेच म्हणाली, "मामा, तुम्ही तर मातीत बसला होतात." मामा म्हणाले, "सेनापती कधी कधी बसतो." यावर तुम्ही काय बोलणार?

पण परतीच्या गाडीत अर्धा डबा नाचत होता तेव्हा मामा खिडकीशी गावाकडे तोंड करून बसले होते. धाकटे मामा स्टेशनवर आले नव्हते. गाव राखलं, बी राखलं. भाऊ राखला की घालवला, ते मामांना कळत नव्हतं. मला म्हणाले, "पाव्हना म्हटलं हो त्याने मला." बस, तेवढंच.

मृगाच्या तोंडावर निरोप आला, एका ट्रकवाल्याबरोबर: दादाला म्हणावं, पेरणीला ये. मामांनी शेठला सांगितलंसुद्धा नाही, अंगावरच्या बंडीनिशी गेले. तीस वर्षांनी तिफणीमागे उभे राहिले. धाकट्या मामींनी शेणमातीत घोळलेलं बी पदराआडून पुढे केलं, आणि मामांनी ते तिफणीच्या चाड्यात, त्या लाकडी वाटीत, सोडायला सुरुवात केली. रंगमास्तराचा हात तो, मुठीचा अंदाज विसरलेला. भरभरून सोडत गेले. दोन ओळी झाल्या आणि दम लागला, बांधावर बसले, धाकट्याने तिफण पुढे नेली.

दिवाळीत मी हिला घेऊन गावी गेलो तेव्हा धाकटे मामा मला वावर दाखवायला घेऊन गेले. सगळीकडे कापूस सारख्या अंतरावर, मोकळा, आणि मधेच दोन ओळी अशा दाट की झाडं एकमेकांत गुंतलेली, बोंडं धड धरलेली नाहीत. मी विचारलं, "यांची विरळणी नाही केली?" धाकट्या मामांनी एक फांदी हाताने जरा बाजूला केली, परत सोडली. म्हणाले, "दादानी पेरेल शे. ऱ्हाऊ दे म्हटलं." मग बांधावर परत येताना, "त्याले सांगू नका, जवाईबापू. झकास उगनं म्हना."

मला खोटं बोलवत नाही, असं वर मी म्हटलंय खरं. सुरतेला आल्याबरोबर मी मामांकडे गेलो आणि सांगितलं, "मामा, तुमच्या दोन ओळी सगळ्या वावरात उठून दिसतात. धाकट्या मामांनी एक रोपसुद्धा उपटलं नाही त्यातलं."

मामा म्हणाले, "काय केलं त्याने? परत सांगा." मी परत सांगितलं. मग त्यांनी मामींना आतून बोलावलं, शेजारी बसवलं आणि मला म्हणाले, "आता हिला सांगा." मी तिसऱ्यांदा सांगितलं.